नव्या डब्यातलं दीड बिस्कीट

सान लाझारो, कोलोराडो
२५ सप्टेंबर २०१६

प्रिय सेबियो,

तुझा तुरुंगातून फोन आला, मी जीव तोडून ओरडले, शेजारची तिन्ही कुत्री भुंकायला लागली, आणि तू तिकडून आपला "काय? काय?" करत राहिलास. तीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात काढलीस आणि कान तिथेच ठेवून घरी आलास. म्हणून आता पत्र. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नकोस.

इथे लोक काय सांगतात ते आधी लिहिते. सहा तारखेला सकाळी सातच्या सुमाराला तू नेहमीप्रमाणे तिघा म्हाताऱ्यांना डायलिसिसला घेऊन निघालास. कालव्याच्या रस्त्यावर डांबराचं काम चाललं होतं. योलांडा 'थांबा'ची पाटी हातात धरून उभी होती आणि तुझी गाडी थांबली नाही, पोर जागीच गेली. इथवर सगळ्यांचं एक आहे. पुढे जेवढी तोंडं तेवढ्या कथा. कुणी म्हणतं तू झोपला होतास, कुणी म्हणतं तू हसत होतास. हसत होतास म्हणणाऱ्याला मी किराणा दुकानात सगळ्यांसमोर झापलं.

प्रुइट वकीलबाई घरी येऊन गेल्या. पोरगी दिसायला अठराची वाटते, पण डोकं आहे. म्हणाली, रक्तात गांजाचं प्रमाण सहा निघालं. कायद्याची रेघ पाचावर आहे. पण तिचं म्हणणं असं की हा आकडा दारूच्या आकड्यासारखा नाही. जो माणूस पाठीसाठी रोज रात्री घेतो, त्याच्या रक्तात सकाळी चर्चला जातानाही चार-पाच सापडतात, आणि तो अगदी शुद्धीत असतो. आकड्यावरून काल घेतलं की आज, कमी की जास्त, काही कळत नाही. ज्यूरीला हे नीट समजावलं तर आशा आहे म्हणाली.

त्यात आठ नोव्हेंबरचं मतदान. जिल्ह्यातली गांजाची शेती आणि दुकानं ठेवायची की बंद करायची. बंदवाल्यांना तू आयता सापडलास. आपल्या गल्लीच्या तोंडावर मोठा फलक लावलाय, मोडकी गाडी आणि खाली 'आता तरी जागे व्हा'. गाडी तुझी नाही, कुठली तरी भलतीच आहे. कारखाना गेला तेव्हा ही माणसं कुठे होती कोण जाणे. मी साठीनंतर गांजाची फुलं छाटून घराचे हप्ते भरतेय ते यांना दिसत नाही.

आणि त्या छाटणीच्या टेबलावर माझ्या डाव्या हाताला इसिद्रा बसते, हे तुला ठाऊकच आहे. योलांडाची आई. दहा दिवसांनी ती कामावर परत आली. मी कुठेतरी दुसरीकडे बसेन म्हणून उठले, तर तिने माझी बाही धरली आणि खाली बसवलं. दिवसभर आम्ही दोघी कात्र्या चालवत होतो.

आता एक विचारते, नीट उत्तर दे. मी ऑगस्टअखेर तुला पाठीच्या औषधाची बडीशेपेची बिस्किटं पाठवली, तो निळा डबा. तो तू उघडला होतास का? की अजून जुन्या डब्यातलीच खात होतास? उगाच विचारतेय, पण सांग.

तुरुंगात मिरची मिळत नसेल. इथे सगळ्या गावात भाजक्या मिरचीचा वास सुटलाय आणि मी अजून एकही भाजलेली नाही.

तुझी
डेल्फिना


जिल्हा तुरुंग
२ ऑक्टोबर २०१६

प्रिय ताई,

पत्र मिळालं. उघडून मिळालं. इथे सगळ्यांची पत्रं वाचून मग देतात. स्पॅनिश वाचणारा शिपाई एकच, लुसेरो. तुझं पत्र देताना म्हणाला, "तुमच्या बहिणीने किराणा दुकानात बरं केलं." तेव्हा पुढच्या वेळी त्यालाही नमस्कार लिही.

जेवण आजाऱ्याचं असतं तसं. बटाटा उकडलेला, घेवडा उकडलेला, आणि परवा तर मला वाटतं पावही उकडला होता. पाठ दुखते. गोळ्या देतात, त्यांनी पोट बिघडतं. पण इथे पाठीबद्दल बोलायला लाज वाटते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : निळा डबा मी उघडला नव्हता. जुन्यातलीच चार-पाच उरली होती. त्या रात्री नऊ वाजता नेहमीसारखं अर्धं खाल्लं आणि झोपलो. सकाळी ठीक होतो. कालव्याच्या वळणावर ऊन एकदम डोळ्यांत आलं आणि मला ती दिसलीच नाही. एवढंच आहे. पोलिसांना हेच सांगितलं, वकीलबाईंना हेच सांगितलं.

इसिद्राला काही सांगू नकोस. मी तिला काय सांगणार? योलांडा पाच वर्षांची असताना मी तिला गल्लीत सायकल शिकवली होती.

इकडे येऊ नकोस. समोर भेटू देत नाहीत, टीव्हीवर तोंड दाखवतात आणि त्याचे पैसे घेतात. माझं तोंड तेवढ्या किमतीचं कधीच नव्हतं.

तुझा
एउसेबियो


सान लाझारो
१६ ऑक्टोबर २०१६

प्रिय सेबियो,

तुझं पत्र वाचलं आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. सुटल्यासारखं वाटलं. का ते विचारू नकोस, म्हातारीचं डोकं, नाही नाही ते सुचतं. लुसेरोसाहेबांना नमस्कार. माझ्या भावाला दोन मिरच्या मिळाल्या तर तुरुंग काही कोसळणार नाही.

मी इसिद्राशी बोलले. तू नको म्हणाला होतास, पण पत्र पोचायच्या आधीच गोष्ट घडली. (तारखा बघू नकोस. बरं, पत्र आल्यावर बोलले. झालं?)

झालं असं की ते फलकवाले इसिद्राच्या घरी गेले. चांगले कपडे, हातात केक. त्यांना योलांडाचा फोटो हवा होता, आणि इसिद्राने मतदानाच्या आधी त्यांच्याबरोबर टीव्हीवर उभं राहावं, असंही त्यांना हवं होतं. तिने दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्या दिवशी टेबलावर, कात्री न थांबवता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "डेल्फिना, तुझा भाऊ नशेत होता का?"

समोर बसणाऱ्या दोघींच्या कात्र्या थांबल्या.

मी म्हणाले, "नव्हता. नेहमीचं अर्धं बिस्कीट, तेही आदल्या रात्री नऊला. ऊन डोळ्यांत आलं."

"शपथ घे."

"ग्वादालुपेच्या मेरीमातेची शपथ."

"तिची नको. ती सगळ्यांना माफ करते. तुझ्या आईच्या कबरीची घे."

मी घेतली. इसिद्राने कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "मग मी शिव्या कुणाला घालू? उन्हाला?" आणि संध्याकाळी तिने त्या लोकांना केक परत केला. फोटो दिला नाही. आज चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसली होती.

प्रुइटबाई म्हणते की खटल्यात मीच मोठी साक्षीदार. बिस्किटं करणारी मी, किती कडक ते मला माहीत, माणूस किती खातो तेही माहीत. मी शांतपणे सांगितलं तर ज्यूरी ऐकेल. मी निळा झगा इस्त्री करून ठेवलाय.

तुझी
डेल्फिना


जिल्हा तुरुंग
२७ ऑक्टोबर २०१६

ताई,

तू आईच्या कबरीची शपथ घ्यायला नको होती.

साक्षीला येऊ नकोस. सरकारी वकील तुला उभं-आडवं सोलेल. तुला राग लवकर येतो, तू काहीतरी बोलून बसशील. मी प्रुइटबाईंना सांगितलंय की खटला नको. गुन्हा कबूल केला तर सहा वर्षं देतायत, लढून हरलो तर बारापर्यंत. ती म्हणते, आपण जिंकू शकतो, हा आकडा कोर्टात टिकणार नाही. मी म्हटलं, आकडा टिकू दे नाहीतर न टिकू दे.

माझ्या खोलीचं भाडं थकलंय. घरमालक सामान बाहेर काढेल तर काढू दे. तू तिथे जाऊ नकोस. जुने कपडे आणि भांडी, त्यात काही घेण्यासारखं नाही. खरंच जाऊ नकोस.

थंडी सुरू झाली. बरी आहेस ना?

ए.


सान लाझारो
१३ नोव्हेंबर २०१६

सेबियो,

मतदान झालं. आपण जिंकलो. शेती राहिली, दुकानं राहिली, माझं टेबल राहिलं. मालकाने सगळ्यांना मांस आणि घेवडा खाऊ घातला, मुलींनी नाच केला. इसिद्राही टाळ्या वाजवत होती. मी तिथून निघाले आणि तुझ्या खोलीवर गेले.

तू जाऊ नको म्हणालास म्हणूनच गेले. लहानपणापासून तुझ्या 'नको'चा अर्थ मला कळतो. खोलीत जुना डबा पालथा घातलेला होता, धुऊन, पुसून. निळा डबा पलंगाखाली होता, झाकण नीट न लावलेला. मी त्यात चोवीस घातली होती. आत साडेबावीस आहेत.

आता मी लिहिते ते नीट वाच. लुसेरोसाहेब, तुम्हीही सावकाश वाचा, घाई करू नका.

इतकी वर्षं मी तुझ्या बिस्किटांचं लोणी घरच्या गांजाच्या झाडांच्या पानांत कढवत होते. फुलं विकत घेणाऱ्यांना असतात, आपल्याला पानं पुरतात, असं मी म्हणायचे. यंदा मागच्या खोलीतल्या दिव्याखालची झाडं अशी फुलली की मला मोह झाला. तू जुलैमध्ये म्हणाला होतास, "ताई, आता अर्ध्याने डोळा लागत नाही." तेव्हा मी पानांऐवजी फुलं घातली. सगळी. किती कडक झालं ते मलाही माहीत नाही, मी चाखूनही बघितलं नाही. दुकानातल्या वडीवर आकडा छापलेला असतो. माझ्या डब्यावर काय असणार? तुला सांगायचं ठरवलं होतं. मग वाटलं, सांगितलं तर उगाच घाबरशील, अर्ध्याचं पाव करशील, आणि झोप येणार नाही. मी स्वतःशी म्हटलं, एकदा शांत झोपेल आणि सकाळी विचारेल, "ताई, काय घातलंस?" मग सांगू.

म्हणून मी पहिल्याच पत्रात तुला डब्याबद्दल विचारलं. अपघाताच्या दिवशी दुपारीच मला तो डबा आठवला होता. तू नाही म्हणालास आणि मी ते हावरटासारखं गिळलं. त्याच्यावर जाऊन शपथ घेतली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपली आई नाही का म्हणायची, पण मी दीड महिना टोपली धरून बसले होते.

तू मला वाचवायला खोटं बोललास. का? कशाला? मी सहासष्ट वर्षांची आहे, मला काय करणार आहेत? त्यांना माहीत असू दे की तुला माहीत नव्हतं. हे पत्र तुझ्या हाती पडायच्या आधी ते वाचतील, मला ठाऊक आहे. मुद्दामच इथे लिहिलंय. आता ते माझ्या दारात येऊ देत. मी झगा घालून बसलेय.

डेल्फिना


जिल्हा तुरुंग
२३ नोव्हेंबर २०१६

प्रिय ताई,

कुणी आलं नाही ना? येणारही नाही.

लुसेरोने तुझं पत्र दोनदा वाचलं. मी गजांतून बघत होतो. मग घडी घालून पाकिटात ठेवलं आणि मला दिलं. म्हणाला, "माझं काम सुरी, गोळ्या आणि पळून जाण्याचे बेत शोधायचं आहे. यात तसलं काही नाही." प्रुइटबाईंना मात्र मी स्वतः सांगितलं. तिचे डोळे चमकले. म्हणाली, तुम्हाला ताकद माहीत नव्हती हे सांगता आलं तर सगळं चित्र बदलतं, आणि बहिणीवर फारसं काही येणार नाही, घरच्या घरी भेट दिली होती. मी म्हटलं, बसा, अजून संपलं नाही. तिला जे सांगितलं तेच आता तुला सांगतो. तू आईची शपथ घेतलीस, तेव्हा तुला मी पुरं सांगायलाच हवं.

अर्धं मी नऊ वाजता खाल्लं, हे खरं. तीन वाजता पाठीने उठवलं. अर्ध्याचा काही उपयोग झाला नाही असं वाटलं, म्हणून आणखी एक पूर्ण खाल्लं. जुन्या डब्यातलं मी तसं कितीदा खाल्लंय, कधी काही झालं नव्हतं. तुझ्या हाताच्या मापावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. इथवर म्हण की मला माहीत नव्हतं.

सकाळी उठलो तो जड होतो. मला वाटलं झोप कमी झाली. तिघांना गाडीत घेतलं. पेट्रोल पंपाजवळच्या सिग्नलला थांबलो. दिवा हिरवा झाला आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. किती सुंदर हिरवा आहे, असं मनात आलं. मागून ओफेलियाबाईंनी मला काठीने टोचलं आणि म्हणाल्या, "एउसेबियो, आज इथेच मुक्काम का?" सगळे हसले. मीही हसलो. ताई, त्या क्षणी मला कळलं. झोप नाही, हे दुसरंच आहे. पाय माझे नव्हते, कुणाचे तरी घालून आल्यासारखे होते.

पंप डाव्या हाताला होता. आत वळायचं, गाडी बंद करायची, ऑफिसला फोन करायचा. मी विचार केला की पंधरा मिनिटं उशीर झाला तर दवाखाना खुर्ची दुसऱ्याला देतो, आणि या तिघांना दोन दिवस तसंच फुगून बसावं लागतं. असा विचार केला हे खरं आहे. पण याच्याखाली आणखी एक विचार होता, की फोन केला तर कारण सांगावं लागेल आणि नोकरी जाईल. मी म्हटलं, सावकाश चालवू. आणि चालवलीही. मला वाटत होतं मी किती जपून चालवतोय.

ऊन डोळ्यांत नव्हतं. ऊन झाडांच्या मागे होतं. मला योलांडा लांबूनच दिसली. पाटी दिसली, पाटीवरचं अक्षर दिसलं. तिने मला ओळखलं आणि मोकळा हात वर करून हलवला. म्हणून ती बाजूला सरली नाही. मी थांबणार असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं. थांबायचंय हे डोक्यात होतं आणि पाय अजून निघालाच नव्हता.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, आकडा अजूनही काहीच सिद्ध करत नाही. तिचं बरोबर आहे. आकडा खोटाच आहे. माझ्याऐवजी रोज घेणारा, शुद्धीतला कुणी असता तरी सहाच आला असता. मी तिला म्हटलं, पण ते मला कशाला सांगता?

मी गुन्हा कबूल करतोय. नऊ जानेवारीला शिक्षा सुनावणार. तुझ्या फुलांचा त्यात काही दोष नाही. ती नसती तरी मी दीड खाल्लंच असतं, आणि पंपावर थांबलो नसतो.

एकच मागणं आहे. इसिद्राला हे सांगू नकोस. मी आत गेलो की तिला शांतता मिळेल. तुम्हा दोघींना त्याच टेबलावर बसायचंय. झाकली मूठ राहू दे. हे पत्र जाळून टाक.

तुझा
सेबियो


सान लाझारो
१२ डिसेंबर २०१६

प्रिय सेबियो,

पत्र जाळलं नाही. दोन आठवडे एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. कामावर इसिद्राचा कोपर माझ्या कोपराला लागायचा आणि मला वाटायचं तिला कागद ऐकू जाईल. परवा तिने मला विचारलं, नाताळला मक्याचे तमाले एकत्र करायचे का. म्हणाली, "एकटीने कशाला, योलांडा नाही आता." तेव्हा मला कळलं की हे असं नाही चालणार.

काल प्रार्थनेनंतर ती माझ्याकडे जेवायला आली. जेवायच्या आधीच मी सांगितलं. शपथ खोटी होती, फुलं मी घातली, तो डबा हा. डबा तिच्यापुढे ठेवला. मला वाटलं ती तोंडात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने झाकण काढलं, वास घेतला. म्हणाली, "दोन वर्षं छाटतेय. जिभेला कधी लावलं नाही. एक दे मला."

"इसिद्रा, वेड लागलंय का?"

"तुझा भाऊ काय घेऊन बसला होता ते मला बघायचंय. माझी पोर गेलीय, तुझी नाही. दे."

ती रडत असती तर मी दिलं नसतं. ती रडत नव्हती. मी अर्धं मोडून दिलं. तिने ते चहाबरोबर खाल्लं, म्हणाली बडीशेप कमी आहे. मग आम्ही बसलो. दुपारचे दोन वाजले होते. तासभर काही झालं नाही. ती घड्याळाकडे बघायची आणि हसायची, रागाने. "एवढंच? यानेच मेली माझी पोर? अजून अर्धं आण." मी डबा मांडीवर घेऊन बसले, दिला नाही. सगळे इथेच फसतात, काही होत नाही म्हणून आणखी घेतात. तिने मला कंजूष म्हटलं, खुनी म्हटलं, आणि मग परत कंजूष म्हटलं.

साडेतीनला ती गप्प झाली. दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. स्वतःच्या पायांकडे बघत होती. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. पाच-दहा मिनिटं गेली असतील. मग तिने हळूच पर्स ओढली, आत चाचपलं, गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर माझ्यापुढे सरकवली.

"मला चालवता येणार नाही," ती म्हणाली. "मला कळतंय, डेल्फिना. पहिल्यांदाच खाल्लंय आणि तरी कळतंय. मग त्याला कसं कळलं नाही?"

तिने मला पळवाट दिली होती, सेबियो. कळलं नसेल, एवढं म्हटलं असतं तर संपलं होतं. तिलाही बहुतेक तेच हवं होतं. मी खूप प्रयत्न केला. तोंडातून आलं, "कळलं होतं."

मग तिने कसं विचारलं, आणि मी खिशातून तुझं पत्र काढून वाचून दाखवलं. सिग्नल, काठी, पंप, सगळं. योलांडाने हात हलवला ती ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. मी पुन्हा वाचली. अंधार पडायच्या आधी तिचा जावई, योलांडाचा नवरा, येऊन तिला घेऊन गेला. त्याने पत्र मागितलं नाही, तिने मागितलं. मी दिलं. तुझं होतं, तुला विचारायला हवं होतं, पण दिलं.

आज ग्वादालुपेच्या मातेचा सण, तरी आम्हाला अर्धा दिवस काम होतं. मला वाटलं ती येणार नाही किंवा दुसऱ्या टेबलावर बसेल. ती आली आणि माझ्या डाव्या हातालाच बसली. चार तास कात्री चालवली. घरी निघताना हात पुसत म्हणाली, "नऊ तारखेला मला कोर्टात ने. शिक्षा किती देतात त्याच्याशी मला घेणं नाही. मला तुझ्या भावाला समोरासमोर विचारायचंय की तो पंपावर का वळला नाही. आणि दवाखान्याची खुर्ची मला सांगू नकोस म्हणावं. नोकरीही सांगू नकोस म्हणावं. ते मी वाचलंय."

मी तिला घेऊन येणार आहे. तू मला वाचवायला खोटं बोललास, मी तुला वाचवायला खोटी शपथ घेतली, आणि दोघांनी मिळून त्या बाईला तीन महिने फसवलं. आता तिच्यासमोर उभं राहशील तेव्हा काय बोलायचं ते ठरवून ठेव. माझ्याकडून मदत मागू नकोस. त्या दिवशी मी तिच्या बाजूला बसणार आहे.

तुझी
डेल्फिना